कोपऱ्यावरची सैल फरशी

मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सुरुवात कृतज्ञतेने करावी, असा शिरस्ता आहे. मला तो पाळता येणार नाही. मी एक जुनी शहाबादी फरशी आहे आणि माझा बहुतेक जन्म दुसऱ्यांचा हेवा करण्यात गेला आहे.

खाणीत आम्ही थरावर थर निजलेल्या असतो. माझ्या अंगावर माझी थोरली बहीण होती. किती वर्षे, ते मोजले नाही. पण ती वर आणि मी खाली, एवढे ध्यानात राहिले. पुढे एकाच बैलगाडीतून आम्ही चिटगुप्प्याच्या बाजारात आलो. तिथे दुकानांच्या कडेने लोकांना चालायला फरसबंदी होत होती. थोरलीला बसलिंगप्पांच्या किराणा दुकानाची पायरी होण्याचा मान मिळाला. रोज सकाळी तिला धूत, तिच्यावर रांगोळी घालत, हळदकुंकू वाहत. मला त्याच दुकानापुढे, कोपऱ्यावर, फरसबंदीच्या अगदी शेवटी टाकले. ग्यानबा गवंडी मला बसवत होता तेवढ्यात त्याला जेवायची हाक आली. माझ्या एका कोपऱ्याखाली खडा राहिला, तो राहिलाच. तेव्हापासून पाय पडला की मी खट वाजायची आणि ज्याचा पाय तो मला शिवी देऊन पुढे जायचा. थोरलीला कुंकू, मला शिव्या; आणि आम्ही एकाच खाणीच्या पोटच्या.

एवढा हेवा कमी होता म्हणून की काय, समोर रस्ता होता. कोणी मोठे साहेब येणार म्हटले की त्याच्यावर मुरूम पडे, भिस्ती पखालीने पाणी शिंपडे. आमच्यावर मिरचीची पोती पडत. पोत्यांमुळे लोक फरसबंदी सोडून रस्त्याने चालत आणि रस्ता फुगत असे. हुमनाबादची मोटार सुरू झाली तेव्हा तर त्याचा तोरा पाहवेना. मोटार माझ्या पुढच्या पटांगणात वळायची. माझ्या उजव्या हाताला कुंभारगल्ली. म्हणजे मी नेमकी अशा जागी, की गल्लीत शिरणारा शहाणा आणि सरळ जाणारा मोटारीखाली.

मला शिव्या न देणारे एकच माणूस होते. चंद्रभागाबाई. त्यांचे दोन्ही डोळे लहानपणी देवीच्या साथीत गेलेले. देवळापाशी बसून फुलवाती विकायच्या आणि दिवस कलला की काठीने पोती चुकवत एकट्या परतायच्या. माझी खट ऐकली की थांबायच्या, उजवीकडे वळायच्या, घरी. सून कमलबाई म्हणायची, "अत्याबाई, मी येते की न्यायला. लोक मला नावं ठेवायलेत."

"ठेवू दे. हात धरला की दुसऱ्याच्या चालीनं चालावं लागतंय. मला माझी चाल हाय," त्या म्हणायच्या, आणि माझ्यावर काठी दोनदा आपटायच्या. "माझा दगड जागा हाय तवर मला कुणी नको."

मला त्याचे काही वाटायचे नाही. माझे डोळे थोरलीच्या कुंकवावर.

मग एका पावसाळ्यात माझे दैव उघडले. रस्त्यावरची माती पावसाने वाहून गेली आणि बसलिंगप्पांचा ओटा उंच वाटू लागला. गिऱ्हाइकांना आणखी एक पायरी हवी होती.

"ग्यानबा, ती कोपऱ्यावरची डुगडुगायलीय, ती घे," बसलिंगप्पा म्हणाले.

"अप्पा, ती चालायच्या वाटंची हाय."

"वाट कुठं पळून जायलीय? मुरूम टाक तिथं."

ग्यानबाने मला उचलले, खडा फेकला आणि चुन्यात पक्के बसवले, थोरलीच्या खालच्या अंगाला. खाली तर खाली. दुसऱ्या दिवशी मला धुतले. मला कुंकू लागले. मी तसूभर हलत नव्हते, वाजत नव्हते.  थोरलीचे तोंड पाहून मला फार बरे वाटले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे ते चार दिवस.

चार दिवस चंद्रभागाबाई तापाने घरी होत्या. पाचव्या दिवशी आल्या. जाताना कमलबाईने हात धरून नेले, दगडाची गरज पडली नाही. परतताना त्या एकट्या. माझ्या जुन्या जागेवर त्यांचा पाय मुरमात पडला. पावसात फरशांवरही चिखल असतो, म्हणून मुरूम वेगळा लागला नाही. त्यांना वाटले, दगड अजून पुढे आहे. खट ऐकायला त्या आणखी चार पावले चालल्या. मोटार वळायला मागे सरकत येत होती. मी पायरीवरून सगळे पाहिले. मला ओरडता येत नाही. जे एक येत होते, ते चुन्यात गेले होते.

त्या वाचल्या. काठी चाकाखाली गेली, मनगट मोडले.

"झालं," कमलबाई म्हणाली. "आता घरातून पाऊल बाहेर टाकायचं न्हाई."  गावाने वर तक्रार केली, म्हणून गुलबर्ग्याहून रस्त्यांच्या कामावरचे किशनराव ओव्हरसीर आले. त्यांनी साखळीने बाजार मोजला आणि मोठा नकाशा काढून बसलिंगप्पांच्या ओट्यावर पसरला. गावची चार मोठी माणसे भोवती बसली. एक म्हणाला, रस्ता रुंद करा. दुसरा म्हणाला, कडेने भिंत घाला. बसलिंगप्पा म्हणाले, "आंधळ्या माणसानं बाजारात यावंच कामून?"

"वाती मी बाजारात विकते, अप्पा. घरात कोण घेतंय?" गळ्यात हात अडकवून चंद्रभागाबाई खाली उभ्या होत्या, कमलबाईचे न ऐकता आल्या होत्या. "सायब, त्या कागदावर काय काय हाय?"

किशनरावांनी वाचले. "रस्ता, मोटार, गाड्या, बैल बांधायची जागा, दुकानं."

"आन् मी कुठं हाय?"

किशनरावांनी नकाशा नीट पाहिला. बैल मोजून होते. पायी चालणारे माणूस एकही नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. "तुम्हांला काय हवं, बाई?"

"भिंत नको. माझा दगड कुठाय तेवढं सांगा."

 ग्यानबा पागोटे सावरत म्हणाला, "अप्पा ज्याच्यावर पाय देऊन बसलेत, त्योच."

बसलिंगप्पांनी पाय काढला. जड गेले त्यांना, पण काढला.

किशनरावांनी दुसरा नकाशा केला. पोती ओट्याच्या आत, फरसबंदी मोकळी, पटांगणाच्या तोंडाशी दगडी खांब, मोटार वेशीबाहेर. ग्यानबाने मला खणून काढले आणि कोपऱ्यावर नेले. या वेळी त्याने चुना कालवून ठेवला होता.

"चुना नको," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "होती तशी बसव."

"अक्का, डुगडुगती फरशी बसवली तर लोक मला गवंडी म्हणतील का?"

"आधी तरी कुठं म्हणत होते?"

ग्यानबाने खडा शोधून आणला. किशनरावांनी दप्तरात लिहिले: 'कोपऱ्यावरची एक फरशी सैल आहे. ती सैलच ठेवावी.' त्यानंतर दर सालच्या तपासणीत नवा साहेब मला दुरुस्त करायला निघतो आणि ती ओळ वाचून कपाळाला आठी घालून परत जातो.

खरे सांगते, त्या दिवशी माझे कुंकू गेले त्याचे मला फार वाईट वाटले. थोरली पुन्हा एकटी मिरवू लागली. मनगट सांधल्यावर चंद्रभागाबाई नव्या काठीने एकट्या आल्या. कमलबाई मागे वीस पावलांवर लपतछपत होती. मी खट वाजले. बाई थांबल्या, काठी दोनदा आपटली आणि वळल्या. मग मागे न बघता म्हणाल्या, "कमल, तूबी वळ आता."

मित्रांनो, तुमच्या गावी कोणी साखळी घेऊन रस्ता मोजायला आला, तर त्याला चहा पाजा आणि डोळे मिटून एकदा चालायला लावा. तो कुठे अडखळतो ते लिहून घ्या; नकाशा तिथून सुरू करा.

आता रस्त्यावर डांबर पडणार अशी बोलवा आहे. पडू दे. मला हेवा वाटणारच, स्वभावाला औषध नाही. पण 'माझा दगड' ऐकल्यापासून इतकी वर्षे मी कान देऊन आहे. थोरलीला कुणी 'माझी पायरी' म्हणाले असेल, ते दुकानाची मालमत्ता मोजताना. रस्त्याला 'माझा' म्हटल्याचे मी अजून ऐकलेले नाही.