ब्रदर क्लेचं जीवनजल

शनिवारी सकाळी टँजरीन बेंडच्या क्लबहाउससमोर पन्नासेक गोल्फच्या गाड्या गोल करून उभ्या होत्या. मधोमध ब्रदर क्ले नावाचा फिरता प्रवचनकार एका मेलेल्या गाडीवर हात ठेवून, डोळे मिटून उभा होता. सीट उचलून त्याने आतल्या सहा बॅटऱ्या आधीच सगळ्यांना दाखवल्या होत्या. त्यांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती.

"मेली म्हणू नका," तो म्हणाला, "थकली म्हणा. आपल्यालाही जग म्हातारं म्हणतंच की. पण आत धुगधुगी असते."

टँजरीन बेंड हे फ्लोरिडातलं निवृत्तांचं गाव. पंचावन्नच्या आतलं माणूस इथे येतं ते कुणाचं तरी नातवंड म्हणून. अशा गावात ते वाक्य वाया जाणं शक्यच नव्हतं. क्लेने एकेक बूच उघडून चमचा चमचा निळं 'जीवनजल' ओतलं, सीट खाली केली, पेडलवर पाय दाबला आणि गाडी मागच्या गोल्फ बॅगेसकट निमूट चालू लागली. टाळ्या पडल्या. दोघातिघांनी डोळेही पुसले.

"त्या बाटलीत निळीपेक्षा जास्त काही असेल तर मी माझी पेन्शन सोडते," टटलबाई म्हणाल्या. इमोजीन टटल म्हणजे चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेली बाई. गावात सगळे त्यांना जरा टरकून असत.

"बाई, गाडी चालली ना पण," त्यांचा शेजारी डेलबर्ट म्हणाला.

"चालली. कशाने चालली ते दिसलं का तुला?"

डेलबर्टला ते नको होतं. त्याला गाडी चाललेली पुरे होती.

त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याची बायको लोर्ना दीड वर्षापासून तळ्यापलीकडच्या शुश्रूषागृहात होती. तिची आठवण पुसत चालली होती. नवऱ्याचं नाव जाऊनही आठ महिने झाले होते. पण रोज पाच वाजता डेलबर्ट गाडी घेऊन फाटकाशी आला की ती गवती टोपी घालून बाहेर यायची, हक्काने उजव्या बाजूला बसायची आणि तळ्याला चक्कर मारताना वळणावर म्हणायची, "हळू चालव." तेवढे दोन शब्द ऐकायला डेलबर्ट तीन मैल जायचा. नजर अधू झाल्यावर त्याचा मोटारीचा परवाना गेला होता. उरली होती ती ही गोल्फची गाडी, आणि तिच्या बॅटऱ्या सात वर्षांच्या झाल्या होत्या.

नव्या घ्यायला तो दुकानात जाऊन आला होता. दुकानदार भला माणूस होता. त्याने सरळ समजावलं, "शिशाच्या घेतल्या तर पाच वर्षं, दर महिन्याला पाणी घालायचं. लिथियमच्या घेतल्या तर दहा वर्षं, काही बघायला नको. तुम्हाला किती वर्षं लागणार आहे गाडी, काका?"

डेलबर्ट मनात हिशोब करू लागला. पाच म्हणावं तर लोर्नाला पाचच वर्षं दिल्यासारखं, दहा म्हणावं तर तिच्यामागे एकट्यानेच गाडी फिरवत बसायचं. "विचार करून सांगतो," म्हणून तो घरी आला होता. आणि आता हा ब्रदर क्ले सांगत होता, की काही निवडायचंच नाही, जुनंच जिवंत होतं.

"तू दुकानात जा," टटलबाई म्हणाल्या. "मी सोबत येते हवं तर."

"बाई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"प्रत्येक नाही. फक्त जिथे खोट आहे तिथे."

डेलबर्टने बाटली विकत घेतली. क्लेने त्याच्या बॅटऱ्यांत जीवनजल घातलं, "आता रात्रभर चार्जिंग, आणि श्रद्धा ठेवा," असं बजावलं आणि सकाळी येऊन चार्जरची वायर काढताक्षणी मीटर लावून दाखवला. काटा एकावन्न व्होल्टवर. नव्या गाडीलाही एवढंच येतं.

तीन दिवस गाडी ओढत ओढत का होईना, गेली. बुधवारी तळ्यावरच्या पुलाचा चढ चढता चढता थांबली. दहा मिनिटं विसावा देऊन पाहिलं, चार पावलं गेली आणि पुन्हा थांबली. फोन घरी टेबलावर राहिला होता. बुधवारी क्लबात मासळीचं जेवण असतं, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डेलबर्ट गुडघा धरत चालत निघाला. शुश्रूषागृहात पोचला तेव्हा सव्वासात वाजले होते.

परिचारिका दारातच भेटली. सांगावं की नाही अशा चेहऱ्याने ती म्हणाली, "टोपी घालून सात वाजेपर्यंत बाकावर बसल्या होत्या. आत यायलाच तयार नाहीत. सारखं विचारत होत्या, 'डेल आला नाही? डेल कुठे राहिला?'"

आठ महिन्यांनी तिने त्याचं नाव घेतलं होतं आणि ते ऐकायच्या वेळी तो पुलावर अडकला होता. आत लोर्ना झोपली होती. टोपी उशाशी होती. डेलबर्टने ती उचलली, पुन्हा ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला.

पुढच्या शनिवारी क्ले पुन्हा आला. गर्दी दुप्पट होती. गाडीने फेरी पुरी केल्यावर टटलबाई पुढे झाल्या.

"ब्रदर, तुमच्या बॅगेतली एक काठी द्या ना. माझी वाकली आहे."

"ती... ती माझ्या वडिलांची बॅग आहे, बाई. आम्ही हात लावत नाही."

इथे प्रत्येक गाडीच्या मागे गोल्फची बॅग असते. मालकाने दहा वर्षांत काठी हातात धरली नसली तरी असते. म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही. डेलबर्टने मात्र पट्टा सोडला आणि बॅग उचलायला गेला. ती जागची हलेना. बुडाच्या भोकातून बोटाएवढ्या जाड दोन वायरी सीटखाली गेल्या होत्या. वर चार काठ्यांची टोकं, खाली लिथियमची नवी कोरी बॅटरी.

टटलबाईंनी वायरी सोडवल्या. "आता चालवा."

क्लेने पाय दाबला. गाडी वीतभरही सरकली नाही.

"पण माझ्या मीटरवर एकावन्न आले होते," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

टटलबाईंनी डेलबर्टची गाडी आणवली. कुणाच्या तरी ट्रकने ती सकाळी ओढून आणली होती. तेव्हापासून ती चार्जरलाच लावलेली होती. वायर काढून मीटर लावला. एकावन्न. मग पुढची चाकं पदपथाच्या कडेला टेकवून त्या म्हणाल्या, "डेलबर्ट, दाब." काटा धाडकन तिसावर आला.

"चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी खोटा तोरा दाखवते," बाई म्हणाल्या. "आतल्या शिशाच्या पट्ट्या झडल्या आहेत. झडलेलं शिसं कुठल्याच पाण्याने परत येत नाही. बसल्या जागी नका मोजू. भार टाका, मग मोजा."

क्ले आपली बॅग तशीच टाकून सटकण्याच्या बेतात होता. लोकांनी त्याला अडवलं, शिव्या दिल्या, पोलिसांना फोन लावला. डेलबर्टने शिवी दिली नाही. तो सगळ्यांकडे बघून सावकाश म्हणाला, "मला विश्वास ठेवायचा होता, म्हणून मी मोजलं नाही. ह्याने मला फसवलं हे खरं, पण बाई विचारायला सांगत होत्या तेव्हा कान मीच बंद केले. तुम्ही करू नका. जिथे आपलं माणूस वाट बघत असेल, तिथे तर मुळीच करू नका."

तिथून तो टटलबाईंना घेऊन थेट दुकानात गेला. दुकानदाराने पुन्हा तोच प्रश्न काढला, किती वर्षांसाठी.

"वर्षांचं सोडा," डेलबर्ट म्हणाला. "रोज पाच वाजता पोचवील अशी द्या. आणि चढावर मोजून द्या."

त्या दिवशी पाचला पाच कमी असताना गाडी फाटकाशी उभी होती. लोर्ना टोपी घालून आली, उजव्या बाजूला बसली. पूल सहज पार झाला. वळणावर ती म्हणाली, "हळू चालव."

डेलबर्टने गाडी हळू केली आणि थोडा वेळ थांबला, तिच्या तोंडून आणखी काही येतंय का म्हणून. ती तळ्याकडे बघत होती. त्याचं नाव तिने त्यानंतर कधीच घेतलं नाही.