चषकाचा डावा कान

मी एक जुना चांदीचा चषक आहे, मित्रांनो, आणि मी मनात डूख धरून राहतो. हे आधीच सांगितलेले बरे.

दर दोन वर्षांनी आमच्या मैदानावर देशोदेशीचे संघ माझ्यासाठी खेळतात. राष्ट्रप्रमुखांनी मला विजेत्या कर्णधाराच्या हाती द्यायचे आणि दोन पावले मागे सरायचे, एवढेच त्यांचे काम. मला घासूनपुसून लखलखीत ठेवायचे पॉलिशवाल्या मावशींनी. माझे दोन्ही कान त्यांच्याच वडिलांनी झाळून बसवले होते.

मागच्या खेपेला साहेब मागे सरलेच नाहीत. फोटोत मधोमध यायचे म्हणून माझा डावा कान धरून ओढू लागले. मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब, कानाला धरू नका. बुडाखाली हात द्या."

"अख्खा देश पेलतोय मी. हे भांडं पेलणार नाही?" साहेब हसले, म्हणून भोवतालचेही हसले. तेवढ्यात माझा कान मुळाशी तडकला.

दुसऱ्याच दिवशी उद्धटपणाचा ठपका ठेवून मावशींना घरी बसवले. जाताना त्या व्यवस्थापकांना बजावून गेल्या, "कान तडकलाय. झाळल्याशिवाय बाहेर काढू नका." व्यवस्थापकांनी तो नुसता गोंदाने चिकटवला आणि वरून फडके फिरवले. मला दात नाहीत, तरी काचेच्या कपाटात मी दोन वर्षे दातओठ खात बसलो.

यंदाही तेच साहेब आले. विजेत्या संघाच्या कर्णधार मुलीने मला अलगद बुडाखाली हात देऊन घेतले. कॅमेरे सरसावताच साहेबांनी डावा कान धरून ओढला. मला अजून थोडा तग धरता आला असता, मित्रांनो. मी धरला नाही.

सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत एकच फोटो होता. मुलीच्या हातात मी आणि साहेबांच्या हातात नुसता कान. माझ्या जिवाला इतके गार वाटले, काय सांगू!

व्यवस्थापक मला घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले. "तेवढं जोडून द्या ना."

"आधी कामावर परत घेतल्याचं पत्र आणा. मग बघू."

पत्र दुपारीच आले. डावा कान आता पक्का आहे.

मित्रांनो, वस्तू जपणाऱ्या माणसाचे ऐकत जा आणि मला बुडाखाली हात देऊनच धरा. साहेब पुढच्या खेपेलाही येणार आहेत. माझा उजवा कान जरासा हलतो. मावशींना ते ठाऊक आहे. त्यांनी अजून त्याला हात लावलेला नाही.