बारा मिनिटं पुढचं घड्याळ

सातवी ड म्हणजे शाळेची अडगळीची खोली. अ, ब, क मध्ये जे मावत नाहीत, त्यांची रवानगी तिथे. भूगोलाच्या बाईंना तो वर्ग मिळाला, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी त्यांचं असं सांत्वन केलं, जणू घरात कुणी गेलंय. पण बाई हट्टी. त्यांनी परदेशातल्या दोन शाळा शोधून काढल्या आणि इंटरनेटवरून ड तुकडीशी त्यांची गाठ घालून दिली. काम सोपं होतं. तिन्ही शाळांनी मैदानात मीटरभर उंचीची काठी उभी करायची, भर दुपारी दर दोन मिनिटांनी तिची सावली मोजायची, आणि ती सर्वांत आखूड नेमकी किती वाजता झाली ते एकमेकांना कळवायचं. त्यावरून पृथ्वीवर कोण कुठे आहे, हे काढायचं.

वर्ग पेटलाच. एरवी मधल्या सुट्टीत पसार होणारी पोरं भर उन्हात मोजपट्टी घेऊन बसू लागली. त्यांची म्होरकी होती लेटलतीफ. हे नाव मुख्याध्यापकांनी ठेवलेलं. महिन्यातले वीस दिवस ती आठच्या घंटेनंतर फाटकाशी पोचायची आणि पहिला तास फाटकाबाहेरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. आईनं दोनदा मार दिला, तरी काही फरक पडला नाही. सावली वाचावी तर तिनंच. मिलिमीटरसुद्धा सोडायची नाही.

मग परदेशातून उत्तर आलं. ‘तुमच्या सावल्या चोख आहेत,’ तिथल्या मुलांनी लिहिलं होतं, ‘पण वेळ जमत नाही. नकाशावरून बघता तुमच्या गावात ती बारा अडतीसला आखूड व्हायला हवी. तुम्ही बारा पन्नास लिहिलंय. असं का?’

बाईंची नजर खिडकीबाहेर गेली. मैदानावरचं भिंतीचं घड्याळ! मुलांनी शिस्तीत, वेळेत यावं म्हणून ते बारा मिनिटं पुढे ठेवलेलं असायचं. सकाळची घंटा त्यावर, आणि सुटायची घंटा मात्र मुख्याध्यापकांच्या मनगटावरच्या घड्याळावर. शिक्षकांना सगळं ठाऊक होतं. मुलांना सांगितलं जायचं, घरची घड्याळं मागे पडतात, शाळेचं चुकत नाही. बाई पंधरा वर्षं या दोन वेळांत इतक्या मुरल्या होत्या की, पोरांना त्या घड्याळाखाली बसवताना त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बाईंनी जाऊन सांगितलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी दोन वाक्यांत निकाल लावला. “बाई, बारा अडतीस लिहून टाका. नाहीतर शुक्रवारी त्या शाळांशी ठरलेल्या व्हिडिओ कॉलला अ तुकडी बसेल.”

बाई मान खाली घालून वर्गात आल्या. “आकडा बदलायचाय,” त्या म्हणाल्या.

“का?” लेटलतीफनं विचारलं. “आम्ही नीट मोजलंय, बाई. तीन दिवस, तीनदा.”

थाप मारायची संधी होती. बाईंना ती मारवेना. त्यांनी घड्याळाचं सगळं सांगून टाकलं.

लेटलतीफ बोटांवर काहीतरी हिशोब करत होती. मग तिनं मान वर केली.

“म्हणजे मी उशिरा येतच नव्हते?”

बाईंना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. इतकी वर्षं त्या रोज फाटकातून आत जाताना भिंतीशी उभ्या पोरांकडे न बघता गेल्या होत्या.

“आकडा बदलणार नाही,” पोरगी म्हणाली. “घड्याळ कुणीही पुढे सरकवेल. सूर्य सरकवून दाखवा म्हणावं.”

शुक्रवारी पडद्यावर दोन देशांचे वर्ग दिसत होते. मुख्याध्यापक कॅमेऱ्याच्या बाजूला, हाताची घडी घालून उभे. लेटलतीफ उठली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण ठणठणीत आवाजात तिनं सांगितलं, “आमची सावली बरोबर आहे. आमचं घड्याळ चुकीचं आहे. चुकून नाही, मुद्दाम. आमच्या शाळेनं ते पुढे ठेवलंय.”

पलीकडून एका मुलानं विचारलं, “मग आता तुम्ही काय करणार?”

मुख्याध्यापकांनी पुढे होऊन कॉल बंद केला. “उद्यापासून हे थेर बंद,” ते गरजले. “आणि घड्याळ आहे तिथेच राहील. आठ म्हणजे आठ!”

“कुणाचे आठ, सर?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. कुणी ते सापडलं नाही, कारण सगळाच वर्ग सरांकडे रोखून बघत होता.

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या घड्याळात आठ वाजले, घंटा झाली आणि फाटक लागलं. ड तुकडीचं एकही पोर आत नव्हतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर, बापाचा मोबाइल हातात धरून लेटलतीफ उभी होती आणि तिच्यामागे सगळा वर्ग. खरे आठ व्हायला मिनिट उरलं, तशी ती निघाली. सगळे रांगेत फाटकाशी आले आणि कुणी न सांगता भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मुख्याध्यापक वही घेऊन तरातरा आले. एकेक नाव लिहीत रांगेच्या टोकाशी पोचले आणि थबकले. तिथे भूगोलाच्या बाई उभ्या होत्या, खांद्याला पर्स, पाठ भिंतीला.

“बाई, तुम्ही आत जा,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “शोभतं का हे?”

“मी या पोरांबरोबरच आलेय, सर,” बाई म्हणाल्या. “माझंही नाव लिहा. आणि पुढे वेळ लिहा, खरी.”