तांदळाएवढ्या गोगलगायी

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी मंजुषा प्रयोगशाळेत शिरली, तर टाकी थंड ठेवणारा चिलर बंद पडलेला. ती अमेरिकेत पिस्कॅटवेला पीएचडी करत होती आणि तिचा सगळा जीव त्या टाकीत होता. अंटार्क्टिकाच्या समुद्रातून आणलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी तिने त्यात पाळल्या होत्या. त्या गोठायला आलेल्या पाण्यातच जगतात. थंडी संपायच्या सुमाराला त्यांच्यातल्या एकीने दगडावर अंड्यांची पिशवी चिकटवली होती. तेव्हापासून मंजुषा रोज भिंगातून ती न्याहाळायची.

पाणी तापायला लागलं होतं. दुरुस्तीवाला संध्याकाळशिवाय येणार नव्हता. तिने रूममेट नेत्राला फोन लावला. नेत्रा मराठी मंडळाच्या पिकनिकला गेली होती.

"तिकडे बर्फ आहे का गं?"

"कूलरमध्ये आहे. किती हवाय?"

"असेल तेवढा सगळा."

नेत्राने तिथे काय सांगितलं कोण जाणे, पण थोड्याच वेळात मंडळातल्या सत्यजितकाकांची व्हॅन तिला घेऊन दारात उभी राहिली. काका घामाघूम होऊन कूलर वर घेऊन आले आणि बर्फ थेट टाकीत ओतायला निघाले. मंजुषाने त्यांचा हात धरला. गोडं पाणी मिसळलं तर गोगलगायी मरतील, असं तिने समजावलं. मग तिघांनी बर्फ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, घट्ट गाठी मारल्या आणि पिशव्या टाकीत सोडल्या. तापमानाचा आकडा हळूहळू उतरू लागला.

तेवढ्यात नेत्रा म्हणाली, "मंजू, त्या दगडावर काहीतरी हलतंय."

अंड्यांची पिशवी फाटली होती. उष्णतेने घात केला, असंच मंजुषाला वाटलं. तिने भिंग धरलं. फटीतून एक इवलीशी गोगलगाय बाहेर सरकत होती, पाठीवर अख्खा शंख घेऊन. तिच्यामागे दुसरी. मंजुषाने भिंग नेत्राच्या हातात दिलं आणि आपल्या गाईड प्रोफेसरबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

बाईंनी आधी फोन काचेजवळ न्यायला लावला. मग म्हणाल्या, पिल्लांची वाढ पूर्ण झाली आहे, ती वेळेवरच आलीत. आणि इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः हे कधी पाहिलं नव्हतं. सगळं शूट करून ठेव, एवढं त्यांनी बजावलं.

काकांचा फोन सारखा वाजत होता. पिकनिकला कूलर परत हवे होते. काचेवरची नजर न हटवता त्यांनी तो उचलला.

"येतो, येतो. इथे बाळंतपण चाललंय."

संध्याकाळी चिलर सुरू झाला तेव्हा दगडावर इतकी पिल्लं होती की मोजताना मंजुषा पुन्हा पुन्हा चुकत होती, आणि हसत होती.