वाफेत सांगितलेला शेवट

दर शनिवारी दिवस कलला की सौना तापवायचा, हा लेम्पी साल्मेलाच्या घरातला आजीच्या वेळेपासूनचा नेम. तळ्याकाठच्या त्या लाकडी खोलीत, तापलेल्या दगडांवर पाण्याचा हबका मारला की वाफ उसळे आणि आठवड्याचा शीण अंगावरून वाहून जाई. या नेमाला लेम्पीने स्वतःचा एक जोडला होता. आठवडाभर जे लिहिलं ते वाफेत बसलेल्या शेजारणींना सांगायचं. कागदाचा आत लगदा व्हायचा, म्हणून तोंडीच. सांगताना जे आठवणार नाही, ते घरी जाऊन खोडून टाकायचं. जे मलाच आठवत नाही ते वाचणाऱ्याने कशाला सांभाळायचं, असं ती म्हणे.

खोडून उरलेल्या या लिखाणाची पाच-सहा पुस्तकं झाली होती. तळ्यावर धरणारा बर्फ, बीव्हर प्राण्यांनी ओढ्यावर घातलेले बांध, वसंतात परतणारे हंस. शिकागोची माणसं ती पुस्तकं काखेत मारून मिशिगनच्या या उत्तर टोकाला यायची आणि तिच्या फाटकापाशी घुटमळायची. कथा-कादंबऱ्या मात्र साभार परत. "तुमचे पक्षी फार छान बोलतात, माणसं तेवढी जमत नाहीत," असं एका प्रकाशकाने कळवलं होतं.

"पक्ष्यांना वाचता येत नाही, म्हणून तुझं निभावतंय," शेजारची ऐंशीची तैमी तेव्हा म्हणाली होती.

आणि आता, साठी उलटल्यावर, न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनाने तिची कादंबरी घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच, शेवट बदलायचा. कादंबरीतली सान्नी नवऱ्याला पुरून आल्याच्या दुसऱ्या सकाळी कुऱ्हाडीने तळ्याचा बर्फ फोडते आणि गाईसाठी पाणी आणते. तिथे पुस्तक संपतं. संपादिका मार्गो फेअरचाइल्ड हिला सान्नी घर विकून लेकीकडे डेट्रॉइटला जायला हवी होती. फोनवर लेम्पी "नाही" म्हणाली, तेव्हा मार्गो स्वतःच येऊन थडकली. एकमत झालं नाही तर हस्तलिखित इथेच ठेवून जाणार होती.

नेमका शनिवार होता.

"बसून बोलायचं का आपण?" मार्गोने विचारलं.

"बसूनच बोलू. पण आधी टॉवेल घ्या," लेम्पी म्हणाली.

सौनाच्या दाराशी तैमीने मार्गोच्या हातातल्या गठ्ठ्याकडे आणि पेन्सिलीकडे पाहिलं. "ते बाहेर ठेव, पोरी."

"मग सुधारणा कुठे लिहू?"

"डोक्यात. तिथे जागा असेल तर."

आत मार्गो सर्वांत खालच्या फळीवर टेकली. चष्म्यावर वाफ धरली तशी तिने तो काढून मुठीत धरला. लेम्पीने दगडांवर पाणी मारलं आणि शांतपणे म्हणाली, "आधी तुमचा शेवट सांगा. नियम सगळ्यांना सारखा."

मार्गोने सुरुवात झोकात केली. सान्नी घर विकते, बॅग भरते, बसमध्ये चढते. पुढे ती चाचरली. "मग... लेकीच्या घराची बेल वाजवते... आणि..." तिने घाम पुसला. "कागदावर फार चांगलं होतं हो."

"आणि गाय?" तैमीने विचारलं.

"गाय राहिलीच," मार्गो म्हणाली, आणि स्वतःलाच हसू फुटलं तिला.

मग लेम्पीने सांगितलं. कुऱ्हाडीचा पहिला घाव, काळं पाणी, बर्फाच्या काठाला आपटणारी बादली, गाईच्या नाकातून निघणारी वाफ. ती थांबली, तरी कोणी हललं नाही. तैमीने डोळ्यांवरून हात फिरवला आणि घामच असल्यासारखं ते पाणी झटकलं. "दुसरी बादली विसरलीस. एका बादलीत गाईचं काय भागतंय?"

"सूर्याचंही एक वाक्य होतं यापुढे," मार्गो हळूच म्हणाली. "अगदी शेवटचं."

लेम्पीने दगडांवर आणखी एक हबका मारला. ते तिचं सर्वांत लाडकं वाक्य. कितीतरी सकाळी तिने ते घासूनपुसून लखलखीत केलं होतं.

"होतं. आठवलं नाही."

"मग?"

"मग गेलं ते."

मार्गो उठली, दाराशी गेली आणि वळून म्हणाली, "माझा शेवटही गेला. दुसरी बादली तेवढी घाला, आणि छापू या."

पुस्तकाला वर्षभरातच देशातला एक मोठा पुरस्कार मिळाला. त्या संध्याकाळी न्यूयॉर्कचं सभागृह शिगोशीग भरलं होतं, लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत होते. लेम्पी मंचावर रिकाम्या हातांनी गेली. भाषण आणलेलं नाही, म्हणाली, आणि सान्नीची ती सकाळ तोंडी सांगू लागली. पत्रिका हलायच्या थांबल्या. ज्या प्रकाशकाने पक्ष्यांची तारीफ केली होती, तोही तिसऱ्या रांगेत मान पुढे काढून ऐकत होता. शेवटचा शब्द पडला आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

पहिल्या रांगेत, बर्फातले बूट घालून आलेली तैमी तेवढी बसून होती. टाळ्या ओसरल्यावर ती शेजारच्या मार्गोच्या कानाशी वाकली, पण तिचा आवाज मागपर्यंत गेला.

"दोन्ही बादल्या आल्या हं या वेळी."