जेवणाच्या सुट्टीतलं इंजन

शिरड शहापूरच्या शिवारात सोयाबीनची मळणी जोरात होती, पण पल्लवीचं लक्ष सोयाबीनकडे नव्हतं. इंजनाच्या धुरांड्यावर तिनं बसवलेला पत्र्याचा डबा आणि त्यावरचा दाबाचा काटा, एवढंच तिला दिसत होतं. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती. ती डिझेलच्या धुरातली काजळी अडवायची, आणि धूर पुरेसा गरम असला की अडवलेली काजळी तिथेच जळून जायची. पुण्याच्या प्रयोगशाळेत हे तीनशे तास बिनबोभाट चाललं. इथे दोन दिवसांत दोनदा जाळी तुंबली आणि काटा चढला.

सकाळी प्रयोगशाळेतून चिन्मय सरांचा फोन आला होता. "आज काटा लाल पट्टीत गेला तर डबा काढून घेऊन ये, पल्लवी. शेतातली चाचणी थांबवू." ते रागानं बोलले असते तर तिला उत्तर तरी देता आलं असतं.

इंजन तिच्या बाबांचं, जळबांचं. बावीस हंगाम ते याच्याशेजारी उभे राहिले आणि गेल्या उन्हाळ्यात खोकत खोकत गेले. धुरानं नेलं असं कुठला डॉक्टर म्हणाला नव्हता. पल्लवीही म्हणाली नव्हती. तिनं फक्त चाचणीसाठी हेच इंजन मागून घेतलं.

दुपारी मळणी थांबली. बाबांचे भागीदार तातेराव हात झटकत लिंबाखाली, धूर चुकवून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसले. मागे इंजन रिकामंच धडधडत राहिलं.

"काका, जेवण होईपर्यंत बंद करा ना ते."

"अन् परत हँडल कोन मारंल? तुझे पुन्याचे सायब?" तातेराव खोकले, मग हसले. "दोन मानसं लागतेत त्याला. इंजन बंद करून जेवनारा मानूस या शिवारात अजून जन्मला न्हाई, माय."

काटा हळूहळू वर सरकत होता. लाल पट्टी बोटभर राहिली होती.

तेवढ्यात पल्लवीची आई, कमलबाई, भाकरीचं गाठोडं घेऊन बांधावरून आली. इंजनाकडे बघून जागीच थांबली.

"तातेराव, रिकामंच सोडलं व्हय इंजन? पल्लवीचे बाबा असते तर तुमाला भाकर गोड लागू दिली न्हाई."

"आता काय केलं मी, वैनी?"

"जेवतानी पट्टा कुट्टीवर चढवायचे ते. रिकामं इंजन कोळसा ओकतंय म्हनायचे. इसरले एका सालात?"

पल्लवीनं वळून पाहिलं. इंजनाच्या गाड्याच्या मागच्या अंगाला, पोत्याखाली झाकलेली, कडबा कापायची कुट्टी होती. लहानपणी तिला याची लाज वाटायची. सगळे जेवत असताना आपलेच बाबा गावच्या गुरांचा चारा कापत बसतात. आता तिला वेगळंच दिसलं. रिकाम्या इंजनाचा धूर थंड असतो. काजळी जळत नाही, साचते. प्रयोगशाळेतलं इंजन कधी जेवायला थांबलंच नव्हतं.

"काका, पट्टा चढवू लागा."

"जेवू तर दे."

"काका."

तातेराव भाकरी तशीच गाठोड्यावर ठेवून उठले. "बराबर बापावर गेली," एवढं म्हणाले. त्यांनी पट्टा चढवला, कमलबाईनं बांधावरच्या हिरव्या मक्याच्या पेंढ्या लावायला घेतल्या. भार पडताच इंजनाचा आवाज भरला. काटा थोडा अजून वर गेला, थबकला. तिसरी पेंढी संपता संपता तो खाली येऊ लागला.

संध्याकाळी काटा पट्टीपासून बराच खाली होता. तिनं पुण्याला फोन लावला.

"काय बदललंस?" चिन्मय सरांनी विचारलं.

"डब्यात काहीच नाही, सर. आपल्या चाचणीत जेवणाची सुट्टी धरायची राहिली होती. तेव्हा रिकामं इंजन कुट्टीला जोडलं, घरच्यांनी आठवण दिली म्हणून."

मग ते म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत राहू दे डबा. आणि हे लिहून काढ. कुणी सुचवलं, तेही लिही."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुट्टी चालू होती. धुरांड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसत होती, काळं काही नव्हतं. तातेराव लिंबाकडे निघाले, अर्ध्या वाटेत थांबले आणि परत येऊन इंजनापासून चार हातांवर बसले.

"काहून, काका? सावली नको?"

"पेंढ्या कोन लावंल मग, तू?" असं म्हणून त्यांनी भाकरी मोडली, आणि शेजारची पोत्याची घडी तिच्यासाठी पसरली.