आधी मशीन, मग कुलूप

हातोड्याचा पहिला घाव कॉम्प्युटरवर बसला आणि दुसरा मधल्याच्या कानामागे. धाकटी धावत वर्कशॉपच्या दारात आली, तेव्हा थोरला त्याला काखांत हात घालून हत्यारांच्या खोलीकडे फरफटत नेत होता. आत ढकलून त्याने कुलूप लावलं. फरशीवर रक्ताचा पट्टा थेट दारापर्यंत गेला होता.

"दादा, भाऊला दवाखान्यात न्यायला हवं."

"नेऊ की. आधी मशीन चालू कर." त्याने तिचा फोन हिसकावून स्वतःच्या खिशात टाकला. "वेगळा धंदा काढतोय म्हणे! पत्रा कापायचं मशीन उचलून नेणार होता, बापाचं असल्यासारखं."

"बापाचंच आहे ते."

थपडेने तिचा चष्मा टेबलाखाली गेला. तो शोधायला ती वाकली, तेव्हा दाराच्या आतून मधल्याचा ठोका ऐकू आला. मग आणखी एक. जिवंत होता.

रागाच्या भरात थोरल्याने नेमका कॉम्प्युटरचा तोच डबा फोडला होता, ज्याच्यावर मशीन चालायचं. मशीन जुनं, त्याचा प्रोग्रॅम त्याहून जुना. आजच्या कॉम्प्युटरवर तो उघडतसुद्धा नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतल्याचं थोरल्याला कळलं होतं, पण राग उतरला नव्हता.

"कॉलेजात हेच धंदे करायचीस ना? कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर? मग कर की, शास्त्रज्ञबाई."

तिने फुटलेल्या डब्यातून डिस्क उपसून काढली आणि लॅपटॉपला जोडली. डिस्क कटकट करत होती. सुरुवातीचा भाग गेला होता, त्यामुळे जशीच्या तशी नक्कल निघणार नव्हती. फाइली मात्र वाचता येत होत्या. म्हणजे नवी डिस्क शून्यातून बांधायची. खरी नाही, लॅपटॉपमधली एक मोठी फाइल, जिला आभासी मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात चालणारा खोटा जुना कॉम्प्युटर, डिस्क समजेल. तिने रिकामी फाइल केली, तिच्यात एक विभाग पाडला, 'इथून सुरू हो' अशी त्यावर खूण केली आणि अगदी सुरुवातीला बूटचा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून देणारा, छोटा तुकडा लिहिला. मग सगळ्या फाइली आत ओतल्या.

"दादा, तोवर त्याला पाणी तरी दे."

"तू बोटं चालव."

आभासी मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: सिस्टिम सापडली नाही.

थोरल्याला वाचता येत होतं. त्याने हातोडा उचलून हत्यारांच्या खोलीच्या दारावर हाणला. लाकडाची ढलपी उडाली. "ऐकतोयस ना रे? तुझी लाडकी बहीण वेळ काढतेय!" दुसऱ्या घावाला फळीला चीर गेली. आतून मधला काहीतरी बोलला, पण त्याची जीभ जड झाली होती.

"हातोडा ठेव! चूक सापडली मला!"

सापडली नव्हती. ती शोधत होती. फाइली सगळ्या होत्या, बूटचा तुकडा बरोबर होता, खूण बरोबर होती. मग तिला आठवलं, हा तुकडा आळशी असतो. तो डिस्कभर शोधत फिरत नाही. फाइलींच्या यादीतल्या पहिल्याच जागांवर बघतो. तिथे सिस्टिमच्या फाइली नसल्या की हात वर करतो. घाईत तिने आधी मशीनचा प्रोग्रॅम ओतला होता आणि सिस्टिम त्याच्या मागे. पाहुणे घरात आणि यजमान रस्त्यावर.

तिने विभाग पुसून पुन्हा कोरा केला. आधी सिस्टिम, मग बाकीचं. या वेळी पडद्यावर ओळी सरसर उतरल्या आणि प्रोग्रॅमने तक्रार केली की मशीन जोडलेलं नाही.

"झालं. आता किल्ली दे."

"जोडून दाखव."

"भाऊचे ठोके थांबलेत, दादा!"

"सोंग करतोय. लहानपणापासून सोंगाड्या आहे तो." थोरला मशीनपाशी गेला आणि एका हाताने रुळाच्या टोकाला रेलून उभा राहिला. दुसऱ्या हातात किल्ली होती. "आधी मशीन, मग कुलूप. चल."

तिने लॅपटॉपची केबल मशीनला लावली. सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल समोर उघडी होती. तिच्यात शेवटची ओळ मशीनच्या डोक्याची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या भागाची होती. चालू झालं की डोकं रुळावरून थेट टोकाला जाणार आणि तिथला खटका दाबला गेला की थांबणार. मध्ये काही आलं तर खटका दाबला जात नाही. मग डोकं रेटत राहतं. मशीन मधला चालवायचा, म्हणून हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्याकडून तिलाही. थोरला कायम ऑफिसच्या खुर्चीत बसलेला.

त्याचा तळवा त्या खटक्यासमोरच पसरलेला होता.

ओळ खोडायला क्षणभरही लागला नसता. तिने दाराकडे कान दिला. आत काहीच हलत नव्हतं.

"दादा, शेवटचं सांगते. कुलूप काढ."

"मला दम देतेस? थांब, त्याच हातोड्याने तुझा लॅपटॉप..."

तिने एंटर दाबलं.

डोकं घरघरत आलं आणि थांबलं नाही. आधी बोटं मोडल्याचा आवाज झाला, किंकाळी नंतर आली. किल्ली फरशीवर पडली. ती उचलून धाकटी धावली. कुलूप उघडलं, तेव्हा मधला भिंतीला टेकून बसला होता; शर्टाची एक बाजू काळी पडली होती. तिने गालावर थापट्या मारल्यावर त्याने डोळे उघडले आणि बाहेरचा आवाज ऐकला.

"लाल बटण," तो म्हणाला.

तिने पळत जाऊन ते दाबलं. मोटर थांबली, पण डोकं रेटलं होतं तिथेच राहिलं. ते हाताच्या चाकाने मागे घ्यावं लागतं. मधला तिच्या खांद्यावर भार टाकत आला आणि चाक धरून हळूहळू फिरवू लागला. थोरला लहान मुलासारखा विव्हळत होता.

"भाऊ, लवकर रे... लवकर..."

"जोरात फिरवलं तर उरलंसुरलंही जाईल. गप्प बस." मग मधल्याने धाकटीकडे पाहिलं. "हात काढ म्हणून सांगितलं नाहीस त्याला?"

"नाही."

मधल्याचा हात चाकावर थांबला. थोरला दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. मग चाक पुन्हा फिरू लागलं, आधीइतकंच सावकाश.